समुद्र नाही, पण भूशिर आहे!



गेल्या खेपेला आपण कोर्लईला गेलो होतो, आठवतंय ना? रेवदंड्याच्या खाडीत घुसलेली ती लांबट टेकडी, तिच्यावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि खाली कुंडलिका नदी समुद्राला मिळते ती जागा. तो लेख वाचून जालना जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं. पत्र कसलं, चक्क तक्रारच! “काका, तुम्ही सारखे कोकणात नाहीतर सह्याद्रीत फिरवता. आमच्याकडे ना समुद्र, ना भूशिर, ना बुरूज. पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हाच प्रश्न. आमच्या जिल्ह्यात बघण्यासारखं काहीच नाही का?”

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मनाशी म्हटलं, बेट्या, थांब. तुझ्याच जिल्ह्यात तुला एक भूशिर दाखवतो. तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं, अगदी भूगोलाच्या पुस्तकातल्या व्याख्येत बसणारं. त्या भूशिरावर दुपारच्या तीन तासांत असं काही घडलं, की त्याची खूण आजही आपल्या लष्कराच्या एका मोठ्या रेजिमेंटच्या चिन्हावर आहे.

तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, टोप्या घाला. आजच्या सहलीचा वाटाड्या मी.

निघायचं जालना शहरातून. इथली नदी कोणती? कुंडलिकाच! कोर्लईची कुंडलिका वेगळी, ती सह्याद्रीतून पश्चिमेला धावते. ही पुढे दुधनेला आणि दुधनेतून गोदावरीच्या खोऱ्यात जाते. नाव एक, पण एकीचं पाणी अरबी समुद्रात आणि दुसरीचं बंगालच्या उपसागरात. “जालना, सोने का पालना” ही म्हण तुम्ही ऐकली असेल. व्यापारानं हे गाव इतकं श्रीमंत झालं, की इथलं मूल जणू सोन्याच्या पाळण्यात झोपतं. गावाच्या नावाचीही एक दंतकथा आहे. रामाच्या काळी इथे सीता राहत होती आणि गावाचं नाव जनकपूर होतं म्हणे. पुढे एका धनवान मुसलमान विणकर व्यापाऱ्याच्या इच्छेवरून ते जालना झालं. विणकराला म्हणतात जुलाहा, त्यावरून जालना! खरं की खोटं, ते तुम्ही ठरवा. पण एकाच गावाच्या गोष्टीत सीता आणि जुलाहा शेजारीशेजारी येऊन बसतात, हे मला फार आवडतं.

आणि पत्रलेखक मित्रा, बुरूज नाहीत असं कोण म्हणतं? जालन्याचा मस्तगड विसरलास वाटतं! १७२५ च्या सुमाराला निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानानं तो बांधवला. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जालन्याचा किल्ला घेतला. ही तारीख लक्षात ठेवा. तीनच आठवड्यांनी आपली गोष्ट घडणार आहे.

जालन्याहून भोकरदनच्या वाटेवर राजूर लागतं. उंचावरचा तो गणपती तुम्हांला ठाऊक असेलच. इथली कथा वरेण्य राजाची. हे त्याचं राजसदन, आणि त्यालाच गणपतीनं गणेशगीता सांगितली असं भाविक मानतात. राजसदनाचं राजूर झालं. नमस्कार करा आणि चला, आज आपल्याला पुढे जास्त वेळ हवा आहे.

भोकरदन. केळना नदीच्या काठचं तालुक्याचं गाव. एस. टी. स्टँडवर उतरून चहा घेणाऱ्याला काय ठाऊक, की आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाजारपेठेत उभे आहोत! याचं जुनं नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनहून आलेली माणसंही आहेत. १९७३ साली इथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. अगदी तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली होती. पाँपेई म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर. कुठे व्हेसुव्हिअस, कुठे केळना! पण त्या काळी आपल्याकडचा माल पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून रोमपर्यंत जात होता. म्हणजे समुद्र भोकरदनला नसला, तरी भोकरदनचा समुद्राशी संबंध होता, आहे की नाही?

आता भोकरदनहून पूर्वेला, केळनेच्या अंगाअंगानं. इथे दुसरी एक नदी आपल्या सोबतीला येते, जुई. केवढं गोड नाव! केळना दक्षिणेला, जुई उत्तरेला. दोघी जवळजवळ येत जातात आणि पूर्वेला एकमेकींना मिळतात. मधे उरते जमिनीची एक निमुळती जीभ. उत्तरेला पाणी, दक्षिणेला पाणी, पूर्वेला संगम. मोकळी बाजू एकच, पश्चिमेची. सांगा, हे भूशिर नाही तर काय? जुईच्या काठावर, या जिभेवरच एक लहानसं गाव आहे. त्याचं नाव असई.

इंग्रजीतली इतिहासाची पुस्तकं त्याला ‘असाय’ म्हणतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्या फौजा एका बाजूला आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. कंपनीच्या फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. वय वर्षं चौतीस. दौलतराव तर त्याहून दहा वर्षांनी लहान. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. न्यूझीलंडच्या राजधानीला त्याचंच नाव आहे आणि पावसाळी गमबुटांना इंग्रज लोक अजून ‘वेलिंग्टन’ म्हणतात.

पण हा जन्मला इंग्लंडमध्ये नव्हे, आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरात. आणि आयर्लंड म्हणजे भूशिरांचा देश! नकाशा काढून बघा. नैर्ऋत्येला हाताची बोटं अटलांटिक महासागरात बुडवावीत तशी जमिनीची लांब टोकं दिसतील. त्यांतल्या डिंगल नावाच्या भूशिरावर प्रवाशांचे जथे वाटाड्याच्या मागून हिंडत असतात. तिथे डनबेग म्हणून एक फार जुना किल्ला आहे. समुद्रात घुसलेल्या कड्याच्या टोकावर तो आहे आणि जमिनीकडची अरुंद मान तेवढी खंदक खणून, भिंत घालून अडवलेली. बाकीची राखण समुद्र करतो! २०१४ सालच्या वादळात त्याचा काही भाग लाटांनी खाल्ला. जवळच व्हेंट्री नावाची पुळण आहे. जगाचा राजा तिथे फौज घेऊन उतरला आणि आयर्लंडचा वीर फिन त्याच्याशी एक वर्ष आणि एक दिवस लढला, अशी तिकडची लोककथा आहे.

तुम्ही म्हणाल, काका भोकरदनहून एकदम आयर्लंडला कुठे पळाले? सांगतो. अरुंद जागेची जादू त्या किल्ल्यात जी आहे, तीच असईला घडली. दोन्ही बाजूंना पाणी असलं, की थोडी माणसं पुष्कळांना तोंड देऊ शकतात, कारण पुष्कळांना पसरायला जागाच नसते. फक्त त्या जागेत आधी शिरता आलं पाहिजे. आणि शिरायचं कसं, हीच असईची खरी गोष्ट.

आता केळनेच्या दक्षिण काठावर उभे राहू. इकडूनच वेलस्ली आला. त्याचा बेत वेगळाच होता. २१ सप्टेंबरला बदनापूरला त्याची आणि स्टीव्हन्सनची भेट झाली. दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं. मराठी फौज कुठे आहे? हरकाऱ्यांनी, म्हणजे बातम्या आणणाऱ्या जासुदांनी सांगितलं, “भोकरदनला.” वेलस्ली समजला, भोकरदन गावात. पण भोकरदन हे गावाचंही नाव होतं आणि सगळ्या परगण्याचंही! शिंद्यांची छावणी भोकरदनपासून पार असईपर्यंत मैलोगणती पसरली होती. तुम्ही नाही का मुंबईला गेल्यावर “आम्ही जालन्याचे” म्हणून सांगता, आणि घर असतं एखाद्या वाडीवर? हरकारे खोटं बोलले नव्हते. साहेबाला आपली बोलायची रीत कळली नाही, एवढंच. त्यामुळे २३ तारखेला दुपारी टेकाडावर चढून पाहतो तो काय, शत्रू बारा मैलांवर असायचा तो समोरच, नदीपलीकडे!

केवढी फौज होती ती! कवायत शिकवलेलं पायदळच दहा हजारांच्या वर. शंभरावर तोफा. शिवाय बिनकवायती पायदळ, आणि तीस-चाळीस हजारांचं घोडदळ. कवायती फौजेच्या तुकडीला तेव्हा ‘कंपू’ म्हणत. (आज वर्गातल्या चार जणांच्या टोळीला आपण कंपू म्हणतो, तो शब्द हाच.) महादजी शिंद्यांनी युरोपियन अधिकाऱ्याकडून हे कंपू तयार करून घेतले होते. सरधन्याची बेगम समरू, तिच्याही पलटणी इथे होत्या. कंपूंचा मुख्य अंमलदार होता पोहलमान नावाचा जर्मन.

समोर वेलस्लीची प्रत्यक्ष लढलेली माणसं साधारण साडेचार हजार. ‘इंग्रजांची फौज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरे चेहरेच येतात. पण गोऱ्या पायदळाच्या पलटणी दोनच, त्याही स्कॉटलंडच्या, आणि गोऱ्या घोडेस्वारांची एक. बाकी सगळे मद्रासकडचे शिपाई. म्हैसूरचं आणि पेशव्यांकडून आलेलं मराठी घोडदळही वेलस्लीच्याच बाजूला उभं होतं. अशी ती लढाई. कोण कुणाचं, हे एका वाक्यात सांगता येत नाही.

स्टीव्हन्सन अजून दूर. माणसं सकाळपासून वीसेक मैल चालून दमलेली. शहाण्या सेनापतीनं थांबायला हवं. वेलस्ली थांबला नाही. त्यानं वाटाड्यांना विचारलं, “नदीला उतार कुठे आहे?”

उतार म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. नदीत जिथे पाणी उथळ असतं, तळ घट्ट असतो, माणसं-बैलं-गाड्या पलीकडे जाऊ शकतात, ती जागा म्हणजे उतार. पूल नव्हते तेव्हा सगळा व्यवहार उतारावरून चाले. वाटाडे म्हणाले, “कोदोलीपाशी आहे, दुसरा नाही.” कोदोलीचा उतार नेमका शिंद्यांच्या तोफांसमोर. तिथून जाणं म्हणजे मरायलाच जाणं.

मग वेलस्लीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. नदीच्या खालच्या अंगाला, पूर्वेकडे त्याला दोन गावं दिसली. पिंपळगाव आणि वारूड. एक अलीकडच्या काठाला, एक पलीकडच्या, अगदी समोरासमोर. तो म्हणाला, माणसं इतकी समोरासमोर गावं वसवतात, म्हणजे मधे जायची-यायची वाट असलीच पाहिजे. त्यानं आपल्या इंजिनिअरला पाहायला पाठवलं. उतार होता! तीन वाजायच्या सुमाराला फौज केळनेत उतरली. तोफांचे गोळे येतच होते. वेलस्लीच्या मागोमाग असलेल्या स्वाराचं डोकं एका गोळ्यानं उडवलं. पण फौज पलीकडे पोचली, त्या जिभेच्या निमुळत्या टोकात.

उतारवयात वेलस्ली ही गोष्ट मित्रांना सांगत असे. इंग्रजी चरित्रांतून ती पुन:पुन्हा येते. केवढी ही बुद्धी, केवढी ही नजर! मीही पहिल्यांदा वाचली तेव्हा चाटच पडलो होतो.

पुढे मी त्या भागात गेलो. दिवाळीनंतरचे दिवस होते, नदीला घोट्याएवढं पाणी. काठावर एक म्हातारी मावशी चाऱ्याचा भारा उतरवून दम खात बसली होती. मी मोठ्या उत्साहानं तिला गोष्ट सांगितली. साहेबानं दुर्बीण लावली, दोन गावं पाहिली, आणि बघा मावशी, नुसत्या तर्कानं ओळखलं की इथे उतार असणार!

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “मंग त्यात काय मोठं, भाऊ? समोरासमोर गावं हायेत म्हटल्यावर वाट असणारच की. नाही तर पोरी काय उडत जातील व्हय सासरी?”

खरं सांगतो, मला बोलायला जागाच उरली नाही. भारा डोक्यावर द्यायला मी तिला हात लावला, आणि ती साडीचा काठ जरा वर धरून, इकडे तिकडे न बघता, पाण्यातून सरळ पलीकडे गेली.

तेव्हापासून ही गोष्ट मी दोन्ही बाजूंनी सांगतो. वेलस्लीला श्रेय द्यायला हवंच. सगळे ‘नाही’ म्हणत असताना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला धाडस लागतं. पण त्यानं जे शोधलं, ते पिंपळगावच्या आणि वारूडच्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक होतं. मग वाटाडे ‘नाही’ का म्हणाले? ते लांबच्या गावचे असतील. सप्टेंबरचे दिवस, नदीला पाणी असेल. की ठाऊक असूनही सांगायचं नव्हतं? लढाईच्या कहाण्यांमध्ये त्या वाटाड्यांना नावं नाहीत, चेहरे नाहीत. मला तिसरं उत्तर आवडतं. तुम्हांला कुठलं पटतं?

आता लढाईकडे. वेलस्लीला वाटलं होतं, मराठी पायदळ तोंड करून आहे दक्षिणेला, आपण पूर्वेकडून कुशीत शिरू, गोंधळ उडेल. पण पोहलमानच्या पलटणींनी गोळीबार चालू असताना अख्खी रांग वळवली आणि ती पूर्वेला तोंड करून उभी राहिली! एक टोक केळनेला, दुसरं असई गावाला. कवायतीच्या मैदानावर शंभर मुलांची रांग वळवताना पी.टी.च्या सरांचा घसा बसतो. इथे दहा हजार माणसं होती. वेलस्लीनं ही अपेक्षाच केली नव्हती.

आणि तोफा! शिंद्यांच्या तोफांनी असा मारा केला, की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल जागच्या जागी पडले. तोफा मागेच राहिल्या आणि पायदळाला त्यांच्याशिवाय पुढे जावं लागलं. उजवीकडची तुकडी वाट चुकली आणि असईच्या भिंतींसमोर, तोफांच्या तोंडीच जाऊन पडली. ७४ नंबरची स्कॉटिश पलटण तिथे जवळजवळ कापली गेली. घोडदळ मधे पडलं म्हणून थोडे वाचले. त्या घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल त्याच दिवशी मारला गेला.

इतर ठिकाणी मात्र पायदळ संगिनी रोखून तोफांपर्यंत पोचलं. तिथले गोलंदाज पळाले नाहीत. (हो, गोलंदाज! क्रिकेटमध्ये चेंडू टाकणाऱ्याला आपण हे नाव दिलं, पण मूळ गोलंदाज म्हणजे तोफेचे गोळे डागणारा.) काही तोफेजवळच लढत मेले. काही तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. इंग्रजी फौज त्यांना ओलांडून पुढे गेली आणि हे उठले! तोफा उलट्या फिरवून त्यांनी मागून गोळे डागायला सुरुवात केली. वेलस्लीला परत फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. या धुमाळीत त्याचा एक घोडा गोळी लागून पडला, दुसऱ्याला भाला लागला.

मग मराठी फौज का हरली? तीस-चाळीस हजार घोडेस्वार असूनही त्यांतले फारसे लढलेच नाहीत. आणि लढायला गेले असते तरी जिभेची रुंदी जेमतेम मैलभर, दोन्ही बाजूंना नदी. वळसा घालायचा कुठून? डनबेगच्या किल्ल्यासारखंच झालं. शिवाय दोन्ही राजांनी पायदळाचा निकाल लागेपर्यंत वाटही पाहिली नाही. याचा मला राग येतो, लपवत नाही. कंपू उभे राहिले, गोलंदाज उभे राहिले, आणि ज्यांच्यासाठी ते उभे होते ते निघून गेले.

संध्याकाळी सहापर्यंत सगळं संपलं. आयर्लंडच्या कथेतला वीर वर्षभर लढला, इथे तीन तासच. त्या तीन तासांत कंपनीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, लढलेल्या तिघांमागे एक. मराठी बाजूचे मेलेले आणि जखमी सहा हजारांच्या आसपास असावेत. अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. जखमींना पुढे अजिंठा गावी नेलं. त्या रात्री वेलस्ली उघड्यावरच झोपला. झोपेत त्याला सारखं वाटत होतं, की आपले सगळे सोबती मेले. पुढे कुणीतरी म्हाताऱ्या ड्यूकला विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती? सगळ्यांना वाटलं, वॉटर्लू म्हणणार. तो म्हणाला, असई. एवढंच, पुढे एक शब्द नाही, असं सांगतात. बघा, लोककथा काही फक्त खेड्यापाड्यांत नसतात. सेनापतींच्याही असतात.

उत्तरेत लेक नावाच्या इंग्रज सेनापतीनं आधीच दिल्ली घेतली होती. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावला तह झाला आणि शिंद्यांना दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेमधला सुपीक प्रदेश सोडावा लागला. दोन नद्यांमधल्या अशा जमिनीला दोआब म्हणतात. केळना-जुईच्या चिमुकल्या दोआबात हरले, आणि गंगा-यमुनेचा दोआब हातचा गेला.

आणि ती लष्करातली खूण? मद्रासी शिपाई तिथे लढले म्हणून त्यांच्या पलटणींना मानाचं चिन्ह मिळालं, हत्ती. आज भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर तो असईचा हत्ती आहे. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती तुकडी दिसली, तर घरच्यांना सांगा, तो हत्ती आमच्या जालन्याचा!

तुम्हांला असईला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, पाणी उतरलेलं असतं. पावसाळ्यात नदीत पाय घालायचा नाही, कितीही ‘उतार’ असला तरी. शेतांमधून जाताना मालकाला विचारायचं. शेतात गंजलेला लोखंडी गोळा किंवा शिशाची गोळी दिसली, तर खिशात घालायची नाही, मोठ्या माणसांना दाखवायची. गावातलं कुणीतरी वाटाड्या म्हणून बरोबर घ्या, आणि तो ‘वाट नाही’ म्हणाला तर का म्हणतो ते नीट विचारा.

ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी हे काम. आजी-आजोबांना विचारा, आपल्या गावच्या नदीला किंवा ओढ्याला पूल नव्हता तेव्हा उतार कुठे होता? त्याला काय म्हणत? तिथून कुणाची वरात गेली, कुणाची बैलगाडी अडकली? एका कागदावर नदी काढा, दोन्ही काठांची गावं दाखवा, उताराच्या जागी फुली मारा आणि मला पाठवा. चांगले नकाशे आपण या पानावर छापू.

आणि पत्र पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्या घरापासून असई किती लांब आहे ते कळव. तिथे पिंपळगाव-वारूडकडच्या एखाद्या आजीनं याहून वेगळीच गोष्ट सांगितली, तर ती मला आधी लिहून पाठव.